सनद आणि रोजनामा

मुंबईच्या उच्च न्यायालयाची, कर्नल फुलर यांच्या आराखड्यावरून उभी राहिलेली गॉथिक धाटणीची दगडी इमारत १८७८ साली पुरी झाली, आणि तेव्हापासून तिच्या जिन्यांवरून जी असंख्य माणसे कागदांची बाडे काखोटीस मारून चढली-उतरली त्यांपैकी फारच थोड्यांना खांबांवरचे कोरीव काम न्याहाळण्याइतकी उसंत मिळाली असेल. ज्यांनी न्याहाळले त्यांना त्या दगडात एक माकड दिसले. त्याच्या हाती न्यायाचा तराजू आहे आणि एका डोळ्यावर पट्टी आहे. तेथेच, वकिलाच्या गळ्यातील पांढरे बँड ल्यालेला एक कोल्हाही आहे. कोणा कंत्राटदाराचा बांधकामाच्या पैशांवरून तंटा झाला, दावा त्याच्या विरुद्ध गेला आणि त्याने छिन्नीच्या रूपाने आपले अपील दगडावर गुदरले, अशी या चित्रांची आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या अनामिक कारागिराची एक गोष्ट मला मोठी मार्मिक वाटते. त्याने एकट्या वकिलाची थट्टा केली नाही आणि एकट्या न्यायाधीशाचीही केली नाही. एका डोळ्याने पाहणारे माकड आसनावर असले की कोल्ह्याचे फावते, हे त्याला पुरते उमगले होते.

वकिलीच्या व्यवसायाला उतरती कळा लागली, अशी हाकाटी गेल्या कित्येक वर्षांच्या सभासंमेलनांतून ऐकू येते. तिच्यात तथ्य किती आणि वृद्धांची स्मरणरंजनाची आवड किती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी वकिलाला वकिलीची नीती शिकवावी कोणी, हा प्रश्न उरतोच. विधि महाविद्यालयात तिचा एक पेपर असतो व तो बहुतेक सारे उत्तीर्ण होतात. बार कौन्सिलने आचारसंहिता छापलेली आहे; न्यायालय, अशील, प्रतिपक्ष आणि सहव्यवसायी यांच्याविषयी वकिलाची कर्तव्ये कोणती, ते तिच्यात पद्धतशीर सांगितले आहे. परंतु पोहण्याचे नियम पाठ करून कोणी पोहावयास शिकत नाही. वकील घडतो तो ज्या न्यायाधीशासमोर तो दररोज उभा राहतो त्याच्या डोळ्यांदेखत, आणि पुष्कळ अंशी त्याच्याच हातून. हे विधान करण्यापूर्वी मी वर्षभर जमेल तसा वेळ मुंबईच्या आणि मुफसलातील काही न्यायालयांत मागच्या बाकावर बसून काढला आहे.

न्यायावरील मराठी लेख रामशास्त्र्यांचे स्मरण केल्यावाचून पुढे सरकत नाही, असा आपल्याकडे जणू संकेतच आहे. तो पाळूनही एक सांगितले पाहिजे की, रामशास्त्र्यांसमोर आजच्या अर्थाने वकील उभे राहत नसत. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपला मुत्सद्दी. वादी-प्रतिवादी आपापली कैफियत स्वतःच मांडीत. सनदी वकील हा कंपनी सरकारच्या कायद्यांबरोबर आला, १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या संहितेने त्याचे स्थान निश्चित केले, आणि १८६२ साली उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा त्याच्या स्थापनेच्या राजसनदेतच वकिलांना प्रवेश देण्याचा, आणि वाजवी कारण दिसल्यास त्यांना दूर करण्याचा अधिकार न्यायालयाकडे सोपविला गेला. ज्याच्या हाती सनद त्याच्या हाती शिस्त, हा त्या काळचा सरळ हिशेब होता.

त्या हिशेबाने काय साधले, हे पाहावयाचे तर १९१९ सालाकडे वळावे. रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर अहमदाबादच्या काही वकिलांनी सह्या केल्या, तेव्हा तेथील जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी, कायदा मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांनी कायद्याचा व्यवसाय कसा करावा, अशा आशयाचे पत्र उच्च न्यायालयाला धाडले. वकिलांवर नोटिसा निघाल्या, सुनावणी झाली, आणि अखेर त्यांची सनद न घेता त्यांना ताकीद देऊन प्रकरण आटोपले. केनेडींचे ते पत्र गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले, म्हणून त्यांच्यावर बेअदबीचे काम चालले व १९२० च्या मार्चमध्ये न्यायालयाने त्यांना कडक शब्दांत समज दिली. गांधीजींनी न्यायालयाला हवी होती तशी क्षमा मागितली नाही. पुढे राजद्रोहाच्या शिक्षेनंतर, १९२२ साली, लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नाव आपल्या यादीतून काढून टाकले आणि १९८८ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, ते पुन्हा दाखल करून घेतले. शिस्तीच्या दंडुक्याने व्यवसायाची प्रतिष्ठा राखू पाहणाऱ्यांनी या चाळीस वर्षांचा थोडा विचार करावा, एवढेच म्हणतो.

न्यायाधीशाच्या हाती अधिकार असतो, आदर मात्र त्याला कमवावा लागतो, याची याच इमारतीतील दुसरी कथा तर सर्वश्रुत आहे. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी बॅरिस्टर म्हणून उभे राहिलेले दिनशा दावर १९०८ साली न्यायासनावर होते. त्यांनीच टिळकांना जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. दावरांना सरदारकी मिळाली तेव्हा बॅरिस्टर मंडळींनी त्यांना मेजवानी देण्याचे ठरविले, आणि त्यासाठी फिरविलेल्या पत्रकावर जिनांनी सही तर केली नाहीच, उलट असा सत्कार करावयाला बारला लाज वाटली पाहिजे, अशा अर्थाचा शेरा मारला. ही हकिकत छागला यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. जिनांचे पुढचे राजकारण आपल्याला कितीही अप्रिय असो, वकिलाच्या पाठीला कणा असणे म्हणजे काय, हे त्या शेऱ्यावरून कळते. ज्या दालनात टिळकांना शिक्षा झाली त्याच्या बाहेर त्यांचे उद्गार कोरलेली शिला १९५६ साली बसविण्यात आली, आणि तिचे अनावरण त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी केले. न्यायसंस्थेने आपल्याच निवाड्याबद्दल मान लवविल्याचे दुसरे इतके ठळक उदाहरण मला आठवत नाही.

स्वातंत्र्यानंतर सनदेची चावी न्यायाधीशांच्या कमरेवरून सुटली. याची सुरुवात १९२६ च्या बार कौन्सिल कायद्याने झालीच होती. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने सनद देणे व गैरवर्तनाची चौकशी करून ती काढून घेणे, ही दोन्ही कामे वकिलांनीच निवडलेल्या मंडळाकडे गेली. व्यवसायाने स्वतःचे नियमन स्वतः करावे, हे तत्त्व निर्दोष आहे. व्यवहाराबद्दल तसे म्हणवत नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून काही वकील येणाऱ्या पक्षकारांवर झडप घालीत, एकमेकांच्या हातांतून कामे हिसकावीत आणि फीचा लिलाव उलट्या दिशेने पुकारीत, असे प्रकरण महाराष्ट्राच्या बार कौन्सिलपुढे आले. राज्याच्या शिस्तसमितीने त्यांना दोषी धरले. दिल्लीच्या अखिल भारतीय समितीने नियमाचा शब्दच्छल करून सोडून दिले. तेव्हा महाराष्ट्राची बार कौन्सिल स्वतःच अपिलात गेली, आणि अशा अपिलाचा तिला हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७५ साली ठरविले. पुढे गुणदोषांवर निकाल देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या शब्दच्छलाचा खरपूस समाचार घेतला. फाटकाशी काम हिसकावणे हे गैरवर्तन आहे, हे ठरविण्यास देशाचे सर्वोच्च न्यायालय लागावे, हीच त्या प्रकरणातली खरी नोंद घेण्याजोगी गोष्ट.

चावी परत मिळविण्याचा एक प्रयत्न न्यायालयाने केला. अलाहाबादेस एका ज्येष्ठ वकिलाने उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना भर दालनात धमकाविले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बेअदबीच्या अधिकारातच त्याला तीन वर्षे व्यवसायबंदी केली. परंतु १९९८ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा मार्ग बंद केला. बेअदबीबद्दल शिक्षा न्यायालयाने करावी, सनदेचा निर्णय बार कौन्सिलने करावा, असा तो दंडक. तो मला योग्यच वाटतो. ज्याच्याविरुद्ध निर्भयपणे बोलावयाचे त्याच्याच हाती आपली भाकरी असेल तर वकिलाचा आवाज घशातच अडकावयाचा.

मग न्यायाधीशाच्या हाती उरले काय? माझे उत्तर असे की, रोजनामा उरला.

ज्यांना न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. प्रत्येक दाव्याच्या फायलीला एक रोजनामा असतो. त्या तारखेस कोण हजर होते, कोण गैरहजर, काय काम झाले, काय झाले नाही व का झाले नाही आणि पुढची तारीख कशासाठी नेमली, याची ती दैनंदिनी. निकालपत्र विद्वान मंडळी वाचतात, कायद्याची नियतकालिके छापतात. रोजनामा कोणी वाचत नाही. परंतु न्यायाधीश आणि वकील यांचे खरे चारित्र्य जर कोठे नोंदले जात असेल तर ते तेथे.

देशावरील एका तालुक्याच्या गावी मी तीन दिवस कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात बसलो होतो. पत्र्याच्या पाख्याखाली पक्षकार, समोर टंकलेखकांची टेबले, चहाची किटली घेऊन फिरणारा पोरगा, पलीकडे बाररूम. असे ते सर्वत्र दिसणारे आवार. अकराला पाच मिनिटे असताना न्यायाधीश आसनावर आले, आणि पहिला पुकारा झाला तेव्हा बाररूममधली निम्मी मंडळी अजून चहाच्या पेल्याशी होती. बांधाच्या वादाचा एक जुना दावा निघाला. वादीचा साक्षीदार, सत्तरीचा एक शेतकरी, पिंजऱ्यात उभा होता. सरतपासणी मागील तारखेस झाली होती, आज उलटतपासणी व्हावयाची होती. प्रतिवादीच्या बाजूने पंचविशीतली एक वकील मुलगी उठली आणि हातातला अर्ज पुढे करीत म्हणाली, “साहेब, आमचे वरिष्ठ जिल्ह्याला सेशनच्या कामात आहेत. तारीख मिळावी.”

वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेला आहे, हे तहकुबीचे कारण होऊ शकत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात स्पष्ट लिहिलेले आहे. एका पक्षाला तीनांहून अधिक तहकुब्या देऊ नयेत, हेही त्याच जागी आहे. साक्षीदार हजर असून वकील तयार नसेल तर न्यायाधीशाला उलटतपासणीवाचून पुढे जाता येते, ज्याला बाररूमच्या भाषेत ‘नो क्रॉस’ म्हणतात. कायदा असा हाताशी असता दोन सोपे मार्ग असतात. एक, ‘अर्ज मंजूर’ असे दोन शब्द लिहून मोकळे व्हावयाचे. दुसरा, ‘नो क्रॉस’ करून आपला करडेपणा मिरवावयाचा. पहिल्यात साक्षीदाराचा दिवस बुडतो. दुसऱ्यात, वकिलाच्या कसुरीची शिक्षा त्याच्या अशिलाला होते आणि मग तो हुकूम उठविण्यासाठी आणखी एक अर्ज, त्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे, त्यावर सुनावणी.

त्या न्यायाधीशांनी दोहोंपैकी एकही केले नाही. त्यांनी साक्षीदाराला विचारले, “आबा, घरून किती वाजता निघालात?”

“पहाटंच्या यष्टीनं, साहेब. गेल्या टायमालाबी आलो हुतो.”

न्यायाधीशांनी हे उत्तर रोजनाम्यावर घेतले. मग त्या मुलीकडे वळून, आवाज यत्किंचितही न चढविता, म्हणाले, “वकीलसाहेब, फाइल आपण वाचली आहे?” ती गप्प राहिली. “मग आता वाचा. तीन वाजता उलटतपासणी आपणच घ्यायची आहे. अडलं तर मी थांबेन.”

तीन वाजता तिने उलटतपासणी घेतली. प्रारंभीचे तीन-चार प्रश्न बांधाशी काडीचा संबंध नसलेले होते, न्यायाधीशांनी ते विचारू दिले. नंतर मोजणीच्या नकाशावरची एक विसंगती तिने हेरली आणि साक्षीदार खरोखरच अडखळला. प्रतिपक्षाच्या मुरब्बी वकिलांनी मध्येच उठून दरडावण्याचा प्रयत्न केला, तेव्हा “त्यांचा प्रश्न पुरा होऊ द्या” एवढेच शब्द आसनावरून आले. तहकुबीचा अर्ज निकाली निघाला तो ‘कारण राहिले नाही’ या शेऱ्याने. सायंकाळी बाररूममध्ये मी त्या न्यायाधीशांबद्दलच्या तक्रारीही ऐकल्या. साहेब नवीन आहेत, गावचा रिवाज त्यांना ठाऊक नाही, बदली होईपर्यंत सोसले पाहिजे, इत्यादी. परंतु तक्रार करणाऱ्यांपैकी एक गृहस्थ बोलता बोलता उद्याच्या बोर्डावरील फाइल उघडून बसले होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

यात असामान्य काहीच घडले नाही, आणि म्हणूनच मी ते एवढ्या विस्ताराने लिहिले. तो न्यायाधीश फाइल वाचून आला होता. वेळेवर आला होता. आणि त्याने एका नवख्या वकिलाकडे वरिष्ठाचा निरोप्या म्हणून न पाहता वकील म्हणून पाहिले. या तीन गोष्टींपैकी पहिली नसेल तर उरलेल्या दोन निष्फळ होतात. न्यायाधीशाने कागद पाहिलेले नाहीत हे वकिलाला पहिल्या मिनिटात कळते, आणि ज्याच्यासमोर वाचलेले आणि न वाचलेले सारखेच खपते त्याच्यासाठी रात्री जागून कोण वाचणार? छागला युक्तिवाद संपताच, तेथल्या तेथे, भर न्यायालयात निकाल सांगून उतरवून देत, ही त्यांची ख्याती. या पद्धतीचे दोषही दाखविले गेले आहेत. परंतु तिचा एक परिणाम निर्विवाद होता: ज्याला उत्तर आताच मिळणार आहे त्याला प्रश्नही आताच नीट मांडावा लागतो. उलट, युक्तिवाद होऊन महिनोन्महिने निकाल न देणारा न्यायाधीश वकिलाला मौनानेच शिकवितो की, येथे बोललेले कोणाच्या लक्षात राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाला २००१ साली राखून ठेवलेल्या निकालांना मुदत घालून द्यावी लागली ती याच दुखण्यामुळे.

कनिष्ठ वकिलांचा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. स्वतः छागला जिनांच्या चेंबरमध्ये उमेदवारी करीत होते आणि कित्येक वर्षे त्यांना म्हणण्यासारखे काम मिळाले नव्हते. सातारचे गजेंद्रगडकर १९२६ साली अपील शाखेत दाखल झाले, ती शाखा म्हणजे बॅरिस्टरांच्या मूळ शाखेच्या तुलनेने धाकटी पाती समजली जाई. तेथल्या युक्तिवादांवर घासून निघालेला हा मनुष्य पुढे भारताचा सरन्यायाधीश झाला. आजचा कनिष्ठ वकील पाच-पाच वर्षे केवळ ‘तारीख मिळावी’ हे दोन शब्द उच्चारीत असेल तर त्याचा दोष वरिष्ठाकडे जातो, तसाच ते दोन शब्द निमूटपणे स्वीकारणाऱ्या आसनाकडेही जातो.

तोंडाळपणाचे काय? काही न्यायाधीशांना वाटते की, वकिलाचा भर दालनात पाणउतारा केला म्हणजे शिस्त लागते. एका न्यायालयात (त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मी पन्नाशीच्या एका सालस वकिलाला, पृष्ठक्रमांक चुकल्याच्या कारणावरून, त्याच्या अशिलासमोर असे काही ऐकविलेले पाहिले की, तो गृहस्थ दिवसभर कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याने त्या दिवशी काय धडा घेतला असेल? वकिलांवर वा पक्षकारांवर अनावश्यक ताशेरे झाडू नयेत, संयम हे न्यायाधीशाचे भूषण असून तो पाळला नाही तर न्यायालयाविषयीचा आदरच ओसरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली एका प्रकरणात न्यायाधीशांनाच बजावले आहे. मुंबईत तर याच दशकात उलटाच प्रसंग आला: बारने न्यायमूर्तींविरुद्ध ठराव केले, १९९५ साली मुख्य न्यायाधीशांना पायउतार व्हावे लागले, आणि त्या प्रकरणातून न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारींची अंतर्गत चौकशी कशी व्हावी याची रीत ठरली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून न्यायाधीशाच्या वर्तनाची तत्त्वे ठरावाने मान्य केली ती त्यानंतर दोन वर्षांनी. शिकविणाऱ्यानेही शिकावे लागते.

व्यवसायाची खरी कसोटी मात्र लोकमत खवळलेले असते तेव्हा लागते. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या आरोपीचे वकीलपत्र कोणी घेऊ नये अशी भाषा मुंबईत उघडपणे झाली, आणि ज्यांनी घेण्याची तयारी दाखविली त्यांच्या दारावर जमाव गेला. विशेष न्यायाधीश ताहलियानी यांनी त्याला वकील दिला. एक वकील बदलावा लागला तेव्हा दुसरा दिला. उच्च न्यायालयात विधिसाहाय्यातून वकील उभे राहिले, सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन. फाशी कायम झाली. पण त्याच्या बाजूने कोणी बोलले नाही असे कोणाला म्हणता आले नाही. अमक्या आरोपीचे काम कोणी घेऊ नये असे वकीलसंघांचे ठराव व्यवसायनीतीविरुद्ध असून ते शून्यवत आहेत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या डिसेंबरात दिला. तो तामिळनाडूतील प्रकरणात होता, परंतु मुंबईने तो आपल्यासाठीच आहे असे समजून वाचावा.

२०२५ च्या १८ ऑगस्टपासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची चार दशकांची मागणी पुरी झाली. तिच्यासाठी वकिलांनी कामकाजापासून अलिप्त राहण्याची आंदोलनेही केली, आणि वकिलांना संपाचा हक्क नाही हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ सालचा निवाडा त्या वेळी कोणी फारसा मनावर घेतला नाही. ते आता मागे पडले. आजवर फाइल बांधून मुंबईच्या वकिलाकडे पाठविणारा जिल्ह्याचा वकील आता स्वतः उच्च न्यायालयापुढे उभा राहील. या नव्या बारला अद्याप कसलाच रिवाज नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. तो आज तेथे बसलेले न्यायमूर्ती आपल्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वागणुकीने घालून देणार आहेत. पहिल्या वर्षी ज्या सबबीवर तहकुबी मिळेल ती सबब पन्नास वर्षे चालेल.

वाचकांपैकी ज्यांचा दावा कोठे ना कोठे पडून असेल त्यांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या तारखेस जाल तेव्हा नकलेचा अर्ज देऊन आपल्या प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल घ्या आणि घरी येऊन सावकाश वाचा. कोणत्या तारखेस कोणी तहकुबी मागितली, काय कारण सांगितले आणि न्यायालयाने ते का मान्य केले, हे त्यात लिहिलेले असते. आणि जेथे कारण लिहिलेले नसेल, तेथे ते का नाही, एवढे आपल्या वकिलांना जरूर विचारा.